खाऱ्या गावांची गोड कार्डे

साहेबांच्या हातात लांबलचक कागद होता आणि चेहऱ्यावर समाधान होते. कागद टॅब्युलेटरमधून नुकताच बाहेर आला होता. आमच्या अमरावतीच्या कार्यालयात यंत्राने छापलेला हा पहिला रिपोर्ट.

"वानखडे, हे पाहा. अख्खा खारपाणपट्टा. त्यात खारं पाणी असलेली गावं किती? तीन."

मी पाहिले. तीनच होती.

"अहो, इतकी वर्षं आपण ज्याला खारपाणपट्टा म्हणतो, तो मुळात नाहीच! निव्वळ लोकसमजूत. यंत्रानं एका सकाळीत निकालात काढली."

साहेब पुण्याचे. बदलीवर अमरावतीस येऊन त्यांना पाच महिने झाले होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या त्या पट्ट्यात, जिथे विहीर खोदली की मिठाचे पाणी लागते, ते एकदाही गेले नव्हते. मी अकोल्याचा. आमच्या घराण्याने त्या पट्ट्यात कधी मुलगी दिलेली नाही. का दिली नाही, ते अकोल्यात कोणीही सांगेल. साहेबांनी कोणाला विचारले नव्हते, कारण त्यांच्याजवळ यंत्र होते.

यंत्र म्हणजे काय होते, ते सांगणे आवश्यक आहे. आज ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात, ते त्या काळी हाताने खोचायच्या वायरींच्या रूपात दिसत असे. कामाचा क्रम असा. गावपाहणीत गणकाने भरलेला प्रत्येक गावाचा एक फॉर्म. फॉर्मवरून एक जाड कागदाचे कार्ड. कार्डावर ऐंशी उभे रकाने. त्यांना आम्ही कॉलम म्हणत असू. पंचिंगचे यंत्र टाइपरायटरसारखेच, मात्र ते अक्षर उमटवण्याऐवजी कॉलममध्ये भोक पाडते. भोक कोणत्या ओळीत आहे त्यावरून आकडा ठरतो. पाण्याच्या चवीचा एक कॉलम होता. एक म्हणजे गोड, दोन म्हणजे मचूळ, तीन म्हणजे खारे. सॉर्टर नावाचे यंत्र त्या आकड्याप्रमाणे कार्डे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते. शेवटी टॅब्युलेटर बेरजा करून तक्ता छापतो. त्याने कोणते कॉलम वाचावेत आणि काय छापावे, हे एका फळीवर वायरी खोचून ठरवावे लागे. फळीवर जे खोचले नाही, ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसे.

यंत्रे भाड्याची. मुंबईहून मालगाडीने बडनेऱ्यास आणि तेथून बैलगाडीने कार्यालयात आली. बरोबर कंपनीचा एक इंजिनिअर आला. त्याने चार दिवसांत फळी जोडली, एक इंग्रजी पुस्तक दिले, आणि अमरावतीचा मे महिना पाहून पाचव्या दिवशी पळाला. साहेबांनी यंत्राला हार घालून नारळ फोडला. नारळाचे पाणी सॉर्टरवर उडाले. मग थंडाव्यासाठी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारण्यात आले. गारवा माणसांना हवा होता. कार्डांना कोरडेपणा हवा होता. दमट हवेत कार्डे फुगली आणि सॉर्टरमध्ये अडकू लागली. दोन दिवस आम्ही ती कार्डे गच्चीवर पापडांसारखी वाळवली. ताट्या काढल्यावर यंत्र सुरळीत चालले. माणसे घामाघूम झाली, त्याची नोंद कोठे नाही.

सॉर्टरवर रशीदभाई होते. अकोल्याच्या जुन्या शहरातले. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होते. पहिल्या रिपोर्टाच्या दिवशी चवीच्या कॉलमवर कार्डे लावताच पहिला कप्पा भरला आणि यंत्र आपोआप थांबले. त्यांनी कप्पा रिकामा केला. पुन्हा भरला, पुन्हा थांबले. तिसऱ्या कप्प्यात जेमतेम तीन कार्डे.

"वानखडे साहेब," ते म्हणाले, "हे सॉर्टर हाय का हलवायाची दुकान? सारा माल गोडच निंगून राह्यला."

मी त्यांना कामाकडे लक्ष देण्यास सांगितले. माझेही लक्ष कामाकडेच होते. कार्डांतल्या मजकुराकडे नव्हते.

या पाहणीवर एक गोष्ट अवलंबून होती. नळयोजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला होता. पट्ट्याबाहेरच्या गोड पाण्याच्या विहिरींवरून पाइप टाकून निवडक गावांना पाणी द्यायचे होते. कोणती गावे, ते आमच्या रिपोर्टवरून ठरणार होते. यादी महिनाअखेरीस मुंबईस जायची होती. एकदा गेली की बंद. दुसरा टप्पा कधी येईल हे कोणी सांगत नव्हते, आणि सरकारात याचा अर्थ सर्वांना कळतो.

साहेबांनी पहिल्या रिपोर्टवरून कच्ची यादी करून तालुक्याच्या कार्यालयांना पाठवली. खारी गावे तीन, म्हणून यादीतही गावे तीनच. आठवड्याने एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पांढरे धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री. ते पट्ट्यातल्या एका गावचे प्राथमिक शिक्षक, तायडे गुरुजी. त्या गावाचे नाव मी येथे लिहीत नाही. तेथे अजून मुलांची लग्ने व्हायची आहेत.

"साहेब, आमच्या गावचा फॉर्म मीच भरला होता. गणक मीच होतो."

"मग?"

"मी चवीच्या रकान्यात तीन लिहिला होता. यादीत गाव नाही."

"कार्डावर एक आहे."

"कार्डाचं मला माहीत नाही. मी तीन लिहिला होता."

असे सांगणारे कार्यालयात रोज येतात. तरी मी गठ्ठा सोडवला आणि फॉर्म काढला. तीन लिहिलेला होता, स्वच्छ, शिक्षकाच्या हातचा. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी एक. कडेला माझ्या कारकुनाची सही आणि शेरा: 'नियम सातप्रमाणे दुरुस्त.'

नियम सात मी लिहिला होता. फॉर्म पंचिंगला देण्याआधी त्यांतल्या उघड चुका दुरुस्त कराव्यात, अशी पद्धत असते. माझा नियम असा होता की, एखाद्या गावाची नोंद चारही शेजारच्या गावांहून वेगळी असेल, तर ती लिहिण्यातली चूक समजून शेजाऱ्यांप्रमाणे करावी. पाणी गावाची शीव पाहून चव बदलत नाही, हा त्यामागचा विचार. विचार बरोबर होता. चारही शेजारी खोटे असतील, हे मी गृहीत धरले नव्हते.

"बाकीच्या गणकांनी गोड का लिहिले?" मी विचारले.

गुरुजी किंचित हसले. "तुमच्याच सूचनेमुळे, साहेब. गणकानं पाण्याची चव स्वतः घेऊन नोंदवावी, असं पुस्तकात छापलं आहे. सगळ्यांनी घेतली. पाटलाच्या ओसरीवर बसून घेतली. पाहुणा आला की आधी काय देतात?"

"गूळ."

"आणि मग?"

"पाणी."

मी फॉर्मची घडी घातली. गुळाचा खडा खाऊन वर घेतलेला घोट. पुस्तिकेत पाणी कसे प्यावे, हे लिहायचे राहिले होते. ती पुस्तिका मुंबईत तयार झाली होती. तेथे पाहुण्याला काय देतात, मला ठाऊक नाही.

मी साहेबांकडे गेलो आणि प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"वानखडे, गणकांनी गूळ खाल्ला असेल. यंत्रानं खाल्ला नाही ना?"

"यंत्राने कार्डे खाल्ली, साहेब. कार्डांत गूळ होता."

"एका मास्तराच्या जिभेवर मी छापील रिपोर्ट फिरवू? चव हा पुरावा नव्हे. यंत्राचा पुरावा आणा." त्यांनी टेबलावरचा एक मसुदा माझ्याकडे सरकवला. शीर्षक होते: 'खारपाणपट्टा: एका समजुतीचे निरसन.' तो वरिष्ठांना जाणार होता. "आणि यादीला नऊ दिवस आहेत."

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींबरोबर दर्यापूरकडची एसटी धरली. पुढे दोन मैल चाललो. गुरुजींच्या गावच्या पाटलांच्या ओसरीवर घोंगडी अंथरलेली होती. बसताच आतून पितळी ताटलीत गूळ आणि तांब्या आला.

"घ्या साहेब, तोंड गोड करा."

"गूळ नंतर. आधी पाणी."

ओसरीवर चार माणसे होती. चौघेही माझ्याकडे पाहू लागले. मी घोट घेतला. तो गिळणे हा नोकरीचा भाग होता.

पाटील आढ्याकडे पाहत म्हणाले, "कसं हाय?"

"तीन नंबर."

"गुरुजीनं फितवलं वाट्टे तुमाले."

"पाण्याने फितवले. पाटील, पट्ट्यात साऱ्या गणकांना गूळ का चारला?"

"आता पाहुन्याले गूळ नाई देवाचा त काय मीठ देवाचं?" कोणीतरी खालच्या आवाजात म्हणाले, "मीठ त पान्यातच हाय." पाटलांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे वळले. "साहेब, खरं सांगतो. माह्या घरात लग्नाचे तीन पोट्टे हायेत. पोरीचा बाप येते, चहा पेते, आडात डोकावते, अन् बंडी जुंपून चालला जाते. त्यात तुमी सरकारी कागदावर छापून देसान का हे गाव खारं हाय. मंग त पोट्टे म्हतारेच होतीन."

"मग नळ नको?"

"नळ काहून नको? पायजेच."

"खारे लिहिल्याशिवाय नळ नाही."

"अन् खारं लिवलं का सून नाई."

येथे त्यांचे म्हणणे माझ्यापेक्षा अधिक नेमके होते. मी पिशवीतून पहिल्या रिपोर्टाचा एक ताव काढून त्यांच्यापुढे ठेवला. आमचा टॅब्युलेटर अक्षरे छापत नसे. तालुक्याला आकडा, गावाला आकडा, चवीला आकडा. पाटलांनी कागद सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

"याच्यात आमचं गाव कोनतं?"

"शोधा."

"नाई सापडत, बावा."

"पोरीच्या बापालाही सापडणार नाही."

पाटलांचा चेहरा पालटला. "अस्सं हाय काय! मंग लिवा ना बिनघोर. चार नंबर असन त चार लिवा."

चार नंबर नव्हता. मी उठलो.

तेथून गुरुजींनी मला आपल्या वस्तीत नेले. गावाबाहेर चाळीसेक घरे, बौद्धांची. वस्तीची विहीर वेगळी. तिचे पाणी मी चाखले नाही. कडेला मिठाचा पांढरा थर होता आणि एक बैल तोंड फिरवून उभा होता. तेवढी नोंद पुरेशी होती. पाटलांच्या विहिरीचे पाणी त्यापेक्षा बरे होते. तिचा पोहरा वस्तीसाठी नव्हता. फॉर्मवर तसा कॉलम नव्हता.

गुरुजींच्या पत्नी शेवंताबाई डोईवर दोन घागरी घेऊन येताना भेटल्या. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे पाणी, दोन कोसांवरून आणलेले.

"हे प्यायला?" मी विचारले.

"प्याले बी अन् डाळीले बी," त्या म्हणाल्या. "आमच्या हिरीच्या पान्यात डाळ शिजतच नाई, भाऊ. सकायपासून जाळ घाला, दाना तसाच टनक. म्हून डाळीचं पानी झिऱ्याचं. पाटलाची सून बी तितूनच नेते. ईचारा तिले."

"हे कोणाला सांगितले होते?"

"ह्याईलेच सांगतलं ना." त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी केली. "फारम भरतानी घरोघर इचारलं का डाळीचं पानी किती लांबून आनता. साऱ्या बायायनं सांगतलं. चव बायायले कोनं इचारली? ते त ओसरीवरच आटपलं."

मी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी माझ्याकडे पाहत होते.

फॉर्मवर तो प्रश्न खरोखरच होता: 'स्वयंपाकाच्या पाण्याचे अंतर, मैलांत.' कॉलम एक्केचाळीस. प्रत्येक गावी गणकांनी तो चुलीपाशी विचारला होता, कारण उत्तर पुरुषांना ठाऊक नव्हते. तो पंच झाला होता. तपासला गेला होता. फळीवर खोचला मात्र नव्हता, कारण साहेबांनी मागितला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता.

परतीच्या एसटीची वाट पाहताना गुरुजी म्हणाले, "गाव यादीत आलं, तर नळ कुठं बसेल, साहेब?"

"गावात."

"चावडीसमोर."

"बहुधा."

"मग वस्तीला काय मिळेल?"

"कार्ड गावाला एकच असते, गुरुजी."

"हो," ते म्हणाले. "तेच म्हणतो मी." एसटी आली.

कार्यालयात आल्यावर रशीदभाईंना फळी उघडायला सांगितली. इंग्रजी पुस्तकातले आकृतीचे पान त्यांनी उलटे धरले होते, तरी वायरी बरोबर खोचत होते.

"पट्टा कोन्या चाकावर चढवाचा, तेवढं सांगा," ते म्हणाले. "बाकी जिनिंगच हाय हे."

चवीचा कॉलम उभा, अंतराचा कॉलम आडवा. अशा तक्त्यात एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशेजारी ठेवता येते. पहिल्या दोन खेपांना यंत्राने अंतराऐवजी गुरांची संख्या जोडली आणि काही गावांत डाळीचे पाणी आठशे मैलांवरून येत असल्याचे छापले. तिसऱ्या खेपेस तक्ता नीट आला. पट्ट्याबाहेरच्या गोड गावांत अंतर शून्य. पट्ट्यातल्या गोड गावांत अंतर दोन, तीन, चार मैल. जवळपास सर्वच.

तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. "घरची विहीर गोड असताना बाई चार मैलांवरून पाणी का आणते, याचा खुलासा मसुद्यात करावा लागेल."

साहेबांनी तक्त्यावरून बोट फिरवले. "हे यंत्रानं छापलं?"

"यंत्रानेच."

"मग प्रश्नच मिटला. खरं सांगू, वानखडे? मला पहिल्यापासून शंका होती."

निरसनाचा मसुदा त्यांनी माझ्यादेखत फाडला आणि नवा सांगायला घेतला. शीर्षक: 'खारपाणपट्टा: यांत्रिक पद्धतीने लागलेला शोध.' नियम सात रद्द झाला. ज्या गावात डाळीचे पाणी एक मैलाहून लांबचे, त्याची चव तीन समजावी आणि अधिक अंतराची गावे आधी घ्यावीत, असे ठरले. तायडे गुरुजींचे गाव यादीत वर आले.

दोन दिवस उरले होते. कार्डांची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. मी एक कोरे कार्ड घेतले आणि पंचिंगच्या यंत्रावर स्वतः बसलो. तालुक्याच्या आकड्यापुढे गावाचा आकडा घातला: तालुक्यातल्या शेवटच्या गावाच्या पुढचा, जो कोणत्याही गावाचा नव्हता. घरे चाळीस. चव तीन. अंतर चार मैल. कार्ड गठ्ठ्यात योग्य जागी ठेवले आणि गठ्ठा रशीदभाईंना दिला. त्यांनी कार्डे मोजली.

"एक जास्ती हाय, साहेब."

"आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, कार्डे सॉर्टरमध्ये लावली आणि बटण दाबले.

हे नियमाविरुद्ध होते. मी आयुष्यात नियमाविरुद्ध फार कामे केलेली नाहीत, आणि या कामाचे मला समर्थन करायचे नाही. एवढेच नमूद करतो की, गूळ खाऊन भरलेली कार्डे आम्ही काही आठवडे खरी मानली होती. त्या साऱ्या गठ्ठ्यात ज्यातला प्रत्येक आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता, असे कार्ड ते एकच.

यंत्राने ते वाचले. तक्त्यात एक गाव वाढले. यादी मुंबईस गेली. चार महिन्यांनी मंजुरी आली आणि सोबत एक पृच्छा: अमुक क्रमांकाच्या गावाचे नाव नकाशात आढळत नाही, कळवावे. मंजूर झालेले गाव रद्द करण्यापेक्षा त्याचे नाव मागवणे सरकारला सोपे जाते. मी गुरुजींना पत्र टाकले. त्यांनी पोस्टकार्डावर एक शब्द लिहून पाठवला: सुजातानगर. मी तो पुढे कळवला.

पाइप यायला सहा वर्षे लागली. तोवर साहेब त्या शोधाच्या बळावर बढती घेऊन मुंबईस गेले होते. नळ दोन बसले. एक चावडीसमोर, एक सुजातानगरात. गुरुजींचे दुसरे पोस्टकार्ड आले, पहिल्यापेक्षा तीन शब्दांनी लांब: "नळ आला. डाळ शिजली." पाटलांच्या तिन्ही मुलांची लग्ने त्याआधीच झाली होती. कशी, ते मी विचारले नाही. सुजातानगर आता एसटीच्या पाटीवर आहे.

खात्यात नव्याने आलेल्या मुलांना मी पुढे बरीच वर्षे ते काम शिकवले. त्यांना एवढेच सांगत असे: यंत्राला खोटे ओळखता येत नाही, पण खरे समोर ठेवले तर ते नाकारतही नाही. हा दुसरा गुण मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही वरिष्ठात आढळला नाही.